सेवाभाव पुरेसा आहे का? समुपदेशनाच्या शिक्षणाविषयी थोडे चिंतन

काही माणसांजवळ लोक आपोआप मन मोकळे करतात. सुनेचे सासूशी पटत नाही, मुलगा बारावीत मागे पडला, नवरा ड्युटी सुटली की घरी न येता दारूच्या दुकानाकडे वळतो, असे काहीबाही सांगायला कोणी ना कोणी त्यांच्याकडे येऊन बसते. अशी माणसे फार शिकलेली असतात असे नाही. ती शांतपणे ऐकतात आणि ऐकलेले चार ठिकाणी बोलत नाहीत, एवढे लोकांना पुरते. प्रत्येक सत्संगात, प्रत्येक सेवागटात अशी एखादी व्यक्ती असते. कदाचित ती आपणच असाल.

समजा, आपण जामुलला राहता. भिलाईच्या कडेचे हे गाव सिमेंटच्या कारखान्यामुळे ओळखले जाते. भोवती लहानमोठे कारखाने, पाळ्यांमध्ये काम करणारी कुटुंबे आणि पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशभरातून येऊन स्थिरावलेली माणसे. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली; त्या काळात नागपूर-भंडाऱ्याकडची अनेक मराठी घरे इकडे आली. त्याआधीही नाते होतेच. अठराव्या शतकात या मुलुखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत छत्तीसगड ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूरच होती. म्हणून आपल्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारणीशी छत्तीसगडी, असा तिन्ही भाषांचा वावर आहे.

आपले वय चाळीसच्या आसपास आहे. मुले मोठी झाली. मनात एक विचार घोळतो आहे : समुपदेशनाचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का? घरचे विचारतात, "या वयात परीक्षा कशाला?" सोबतचे साधक त्याहून अवघड प्रश्न विचारतात. "माया काय शिकवून येते? इतकी वर्षे तुम्ही लोकांचे ऐकताच आहात. आता त्यासाठी कागद कशाला हवा? सेवेचा धंदा करायचा आहे का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचा नीट विचार करू या.

आक्षेपात तथ्य आहे

दुःखी माणसाला आधार देण्याचे काम आपल्याकडे विद्यापीठांच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. घरातली आजी, गावातले कीर्तनकार, गुरू, वडीलधारे यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले. मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली एका शोधनिबंधात गुरू-शिष्य नात्याकडे मानसोपचाराचा एक नमुना म्हणून पाहिले. पाश्चात्त्य उपचारपद्धती माणसाच्या स्वावलंबनावर भर देते. आपल्याकडे विश्वासाने कोणावर तरी विसंबणे हा दोष मानला जात नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते.

गीतेकडे पाहा. पहिल्या अध्यायात भगवंत किती बोलतात? जेमतेम अर्धा श्लोक. त्यानंतर अर्जुन बोलतो. हात कापतात, तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून गळते, हे सगळे तो सांगतो आणि त्याचे सांगून होईपर्यंत त्याला कोणी अडवत नाही. शेवटच्या अध्यायात सगळे ज्ञान सांगून झाल्यावरही निर्णय अर्जुनावरच सोपवला जातो : नीट विचार कर आणि तुला योग्य वाटेल ते कर. आधी ऐकणे आणि शेवटी निर्णय समोरच्याच्या हाती ठेवणे, ही समुपदेशनाची दोन्ही टोके आपल्या परंपरेत आहेत.

मग शिकायचे काय उरले? अवघड भाग असा की, आपण श्रीकृष्ण नाही. अर्धा श्लोक बोलून थांबणे आपल्याला जमत नाही.

माया कुठे कमी पडते

पहिली गोष्ट घाईची. समोरचा रडू लागला की आपल्याला ते सहन होत नाही. आपण लगेच म्हणतो, "होईल सगळे ठीक, देवावर सोडा." हे वाक्य चुकीचे नाही. पण ते कोणासाठी बोलले गेले, हे एकदा तपासून पाहा. पुष्कळदा त्याचे दुःख हलके व्हावे यापेक्षा आपली अस्वस्थता थांबावी, हा हेतू नकळत आत असतो. त्या बाईला अजून दहा मिनिटे बोलायचे होते. आपण दोन मिनिटांत तिला शांत केले आणि ती खरी गोष्ट न सांगताच घरी गेली.

दुसरी गोष्ट स्वतःच्या अनुभवाची. "मी खूप भोगले आहे, म्हणून मला दुसऱ्याचे कळते," असे आपण म्हणतो. हे अर्धे खरे आहे. जामुलकरांना यासाठी दूरचे उदाहरण नको. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतून लोखंडाबरोबर वितळलेली मळी निघते, तिला आपण स्लॅग म्हणतो. ती हवेत सावकाश थंड होऊ दिली तर दगडासारखी बनते आणि सिमेंटच्या कामाची राहत नाही. तीच धगधगती मळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झटकन निववली, तिचे दाणे केले, बारीक दळले, की तिच्यापासून सिमेंट बनते. पदार्थ एकच, फरक प्रक्रियेचा. आपण भोगलेल्या दुःखाचेही तसेच आहे. ते नुसते भोगले म्हणून दुसऱ्याच्या कामी येत नाही. त्यावर काम झाले नसेल, तर समोरची व्यक्ती तिची व्यथा सांगत असते आणि आपण मनात आपलीच जुनी गोष्ट ऐकत असतो. मग आपल्याला जो उपाय लागू पडला, तोच तिच्या गळी उतरवतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे : आपली मर्यादा कुठे संपते हे ठाऊक नसणे. महिनोन्‌महिने झोप नाही, कशात रस नाही, जगणे नकोसे झाले आहे, हे आळशीपणाचे किंवा श्रद्धा कमी पडल्याचे लक्षण नसून आजार असू शकतो. तिथे सत्संगाचा आधार जरूर द्यावा, पण डॉक्टरांकडे पाठवण्यात उशीर झाला तर त्याची किंमत जीवाने मोजावी लागते. किंवा एखादी चौदा वर्षांची मुलगी आपल्याजवळ येते आणि म्हणते, "काकू, कोणाला सांगणार नाही असे वचन द्या, मग सांगते." आपण मायेपोटी वचन देतो. आणि ती जे सांगते, ते घरातल्याच कोणीतरी केलेले लैंगिक शोषण असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ही माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आपण समुपदेशक असा वा नसा. आता वचन मोडायचे की मुलीला त्याच घरात परत पाठवायचे? शिकलेला समुपदेशक हे वचन असे देतच नाही. तो आधीच सांगतो, "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी तुला इजा करत असेल, तर तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला इतरांची मदत घ्यावी लागेल." ही दोन वाक्ये मायेतून आपोआप सुचत नाहीत. ती शिकावी लागतात.

अभ्यासात काय शिकतात

आधुनिक समुपदेशनाचे एक प्रवर्तक कार्ल रॉजर्स यांची वाटचाल साधकांनी जाणून घेण्याजोगी आहे. १९२४ साली ते न्यू यॉर्कच्या एका धर्मशिक्षण संस्थेत दाखल झाले. दोन वर्षांनी त्यांनी ती वाट सोडली आणि मानसशास्त्राकडे वळले. पुढे त्यांनी मांडले की माणसात बदल घडायचा असेल तर ऐकणाऱ्याकडे मुख्यतः तीन गोष्टी हव्यात : समोरच्याच्या जागी उभे राहून समजून घेणे, कोणतीही अट न घालता त्याचा आदर करणे आणि स्वतः आतबाहेर एकसारखे असणे.

हे तीन गुण आपल्या संतपरंपरेत वाढलेल्या माणसाला नवे वाटणार नाहीत. नवे आहे ते पुढचे पाऊल. रॉजर्स यांनी आपल्या भेटींचे ध्वनिमुद्रण केले, आणि १९४२ च्या पुस्तकात एका व्यक्तीबरोबरच्या सगळ्या भेटींचे शब्दशः संभाषण छापले. मी करुणेने बोललो, असे म्हणण्यावर ते थांबले नाहीत. काय बोललो ते इतरांपुढे तपासायला ठेवले. समुपदेशनाच्या चांगल्या अभ्यासक्रमाचा गाभा आजही हाच आहे. विद्यार्थी प्रत्यक्ष भेटी घेतो, त्यांच्या नोंदी करतो आणि अनुभवी मार्गदर्शकासमोर बसून त्या वाचतो. मार्गदर्शक विचारतात, "इथे तुम्ही विषय का बदललात? ती वडिलांबद्दल बोलत होती, तुम्ही मध्येच नवऱ्याचे विचारले." तेव्हा स्वतःविषयी जे कळते, ते एकट्याने ध्यानाला बसून कळेलच असे नाही.

म्हणूनच अलीकडच्या एका निर्णयाकडे फक्त अडचण म्हणून पाहू नये. पूर्वी इग्नूच्या एम.ए. मानसशास्त्र अभ्यासक्रमात समुपदेशन हा विशेष विषय घरबसल्या घेता येत असे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तिथे प्रवेश होता. जामुलसारख्या ठिकाणच्या गृहिणीला किंवा नोकरदाराला तो मोठा आधार होता. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांचा समावेश झाला. त्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, मानसशास्त्रासह, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले. म्हणजे आता वर्गात बसावे लागेल. भिलाई पॉवर हाऊस स्थानकावरून रायपूरची ये-जा करावी लागेल, घरातली कामे वाटून घ्यावी लागतील. अनेकांसाठी यामुळे दार अरुंद झाले, आणि त्याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तरी माणसाच्या मनाला हात लावण्याची विद्या माणसांसमोर बसूनच शिकायला हवी, हा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे.

गरजेविषयी तर दुमत नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ज्या बारा राज्यांचा अभ्यास झाला, त्यांत छत्तीसगड होते. त्या सर्वेक्षणानुसार चिंता, नैराश्य यांसारखे नेहमी आढळणारे मानसिक त्रास असणाऱ्या १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. आयआयटीच्या तयारीसाठी मुले रात्रंदिवस झटतात त्या भिलाईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या कामात मराठीतून शिकण्यासारखेही खूप आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने मनाच्या आरोग्याचा विषय साध्या मराठीत घराघरांत नेला. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. पाठ्यपुस्तक 'डिप्रेशन' म्हणेल, आपल्याकडे येणारी बाई म्हणेल, "जीव लागत नाही," "डोके भणभणते," "छातीत धडधडते." शेजारीण तेच छत्तीसगडीत सांगेल. इंग्रजीतून शिकलेले या बोलांमध्ये परत आणण्याचे काम कोणताही परदेशी ग्रंथ करून देणार नाही. तिन्ही भाषांत वावरणाऱ्या जामुलच्या माणसाला ते इतरांपेक्षा चांगले जमेल.

साधकाची खरी परीक्षा

आता ज्या ठिकाणी आपल्याला सर्वांत जड जाईल, तिथे येऊ. समुपदेशकाच्या खोलीत आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादता येत नाही. समोरचा माणूस दुसऱ्या धर्माचा असेल, देव न मानणारा असेल, देवावर रागावलेला असेल. आपल्याला ज्या साधनेने तारले, ती सांगण्याची ऊर्मी होईल. ती आवरायची. त्याने स्वतःहून आपल्या श्रद्धेविषयी बोलायला सुरुवात केली, तर ती त्याची श्रद्धा म्हणून आदराने ऐकायची. जो माणूस व्यथा घेऊन आपल्यापुढे बसतो, तो त्या क्षणी दुबळा असतो. दुबळ्या क्षणी दिलेला होकार हा खरा होकार नसतो. अशा माणसाला आपल्या मार्गावर आणणे सोपे आहे, म्हणूनच ते करू नये.

कोणी म्हणेल, मग साधनेचा उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे, पण तो आपल्यावर व्हायचा आहे. रोजच्या साधनेने आपल्याला तासभर स्थिर बसता येते. दुसऱ्याचा राग अंगावर न घेता ऐकता येतो. माझ्यामुळे हा बरा झाला, हा अहंकार थोडा सैल होतो. साधना खोलीत आपल्याबरोबर येतेच, फक्त ती बोलून दाखवायची नसते.

फीचेही असेच आहे. पैसे घेतले की सेवा बाटते, असे मानण्याचे कारण नाही. डॉक्टर, शिक्षक, कीर्तनकार सगळेच मानधन घेतात. फी ठरलेली असली की येणाऱ्यावर उपकाराचे ओझे राहत नाही आणि समुपदेशकालाही कृतज्ञतेची अपेक्षा करावीशी वाटत नाही. फुकट सेवेत कधीकधी एक न दिसणारी फी असते : समोरच्याने आपले ऐकावे, आपल्या गटात यावे, आपले नाव घ्यावे. ही फी रुपयांपेक्षा महाग पडते. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी आठवड्यातले काही तास राखून ठेवले, तर सेवा आणि व्यवसाय यांत भांडण उरत नाही.

आणि पदवी हाती आली म्हणजे ऐकता येऊ लागले, असेही समजू नये. पदवी घेऊनही ऐकू न शकणारी माणसे असतात. त्याचप्रमाणे एका पदवीने सगळे अधिकार मिळत नाहीत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर वेगळे प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. औषध देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा. कुठे थांबायचे हे ज्याला कळते, त्याच्या हाती माणूस सुरक्षित असतो.

अर्ज भरण्यापूर्वी

स्वतःला चार प्रश्न शांतपणे विचारा. मला लोकांना बरे करायचे आहे, की लोकांना माझी गरज भासावी असे वाटते? माझ्या स्वतःच्या जखमेविषयी मी कोणापाशी मोकळेपणाने बोललो आहे का? वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांबरोबर वर्गात बसून, कोणी माझी चूक दाखवली तर ती ऐकून घेण्याची माझी तयारी आहे का? आणि दोन वर्षांचा खर्च, प्रवास आणि वेळ घरच्यांनी मनापासून मान्य केला आहे का, की माझ्या सेवेचा भार त्यांनी मुकाट्याने उचलायचा आहे? अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाची मान्यता पाहा आणि प्रत्यक्ष सराव किती तासांचा, मार्गदर्शन कोणाचे, हे विचारा. चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण ते वर सांगितलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला पुरणार नाही.

उत्तर 'नाही' आले तरी कमीपणा मानू नका. प्रत्येकाने ही पदवी घ्यायलाच हवी असे नाही. आपल्या ओसरीवर येणाऱ्यांचे ऐकत राहा, सल्ल्याची घाई करू नका, आणि गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची दिसली तर त्या माणसाबरोबर स्वतः डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो पाठ असू द्या, दुसऱ्याला द्यायला आणि वेळ पडली तर स्वतःलाही.

उत्तर 'हो' आले, तर मात्र संकोच सोडा. माया शिकवून येत नाही, हे खरे. ती आपल्यापाशी आहे म्हणूनच तर लोक येतात. पण ज्याच्यावर माया आहे, त्याच्या मनात अडाणीपणे पाऊल टाकू नये, एवढे शिकण्याचे कष्ट घेणे हे त्या मायेचेच काम आहे. आपण पायातली चप्पल काढून देवळात जातो. दुसऱ्याच्या दुःखात शिरताना स्वतःची घाई, स्वतःची गोष्ट आणि स्वतःचा उपदेश बाहेर काढून ठेवायला शिकवते, ती विद्या. ती चाळिशीत शिकली काय आणि साठीत शिकली काय, उशीर झाला असे म्हणता येणार नाही.